मित्राचा कॉम्प्युटर खोपोलीत, तुम्ही ठाण्यात आणि नेट स्लो. लांबून बिघाड कसा शोधायचा?

"अरे, कॉम्प्युटर चालत नाहीये. जरा बघतोस का?"

मित्रांच्या ग्रुपमध्ये ज्याला 'कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं', त्याला हा मेसेज अधूनमधून येतोच. मित्र शेजारच्या गल्लीत असेल तर प्रश्न नसतो, चहा प्यायला जाता जाता काम होतं. पण समजा मित्र खोपोलीत शीळफाट्याजवळ राहतोय, तुम्ही नोकरीसाठी ठाण्यात आहात, त्याच्याकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कसंबसं नेट चालतंय आणि स्कॉलरशिपचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख आहे. अशा वेळी आपण सगळेच पहिल्यांदा एकच गोष्ट करतो: 'थांब, एनीडेस्क टाक, मी बघतो.'

मग काय होतं? ॲप डाउनलोड व्हायलाच वेळ जातो. जोडणी झाली की स्क्रीन अर्धी दिसते, माऊस हलवला की तीन सेकंदांनी हलतो आणि तेवढ्यात नेट जातं. अर्ध्या तासानंतर मूळ बिघाड काय होता, हे दोघांनाही माहीत नसतं.

स्लो नेटवर लांबून कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो, फक्त त्याचा क्रम उलटा आहे. स्क्रीन शेअर करणं ही सर्वात शेवटची पायरी असते. त्याआधी काय करायचं, कोणत्या बिघाडाला काय सांगायचं आणि या सगळ्यात मित्राचे पैसे आणि खासगी गोष्टी सुरक्षित कशा ठेवायच्या, हे समजून घेऊया.

स्क्रीन शेअर केली की नेट का बसतं?

थोडं गणित करू. जुन्या लॅपटॉपची स्क्रीन साधारण १३६६ बाय ७६८ पिक्सेलची असते. म्हणजे एका चित्रात जवळपास साडेदहा लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर स्क्रीनचं एक चित्र सुमारे ३ एमबीचं होतं.

आता मित्राच्या नेटचा वेग १ एमबीपीएस आहे असं धरा. इथे 'बी' म्हणजे बिट. ८ बिटचा एक बाइट होतो, त्यामुळे १ एमबीपीएसमध्ये सेकंदाला फक्त १२५ केबी जातात. या वेगाने ते एक चित्र जसंच्या तसं पाठवायचं तर २५ सेकंद लागतील.

प्रत्यक्षात एवढा वेळ लागत नाही, कारण रिमोटचे ॲप्स चित्र दाबून लहान करतात आणि स्क्रीनचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवतात. पण त्यामुळेच एक गोष्ट लक्षात येते. स्क्रीनवर जितकी जास्त हालचाल, तितका जास्त डेटा. एखादी खिडकी ओढली, पान भराभर वर-खाली केलं किंवा वॉलपेपर झळकला, की जवळपास सगळी स्क्रीन नव्याने पाठवावी लागते आणि गाडी अडकते.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्क्रीन मित्राच्या कॉम्प्युटरवरून तुमच्याकडे येते, म्हणजे इथे मित्राचा अपलोडचा वेग कामाचा असतो. 'माझ्याकडे तर व्हिडिओ चालतायत, नेट चांगलं आहे' असं मित्र सांगतो तेव्हा तो डाउनलोडबद्दल बोलत असतो. स्पीड टेस्टमध्ये दोन आकडे दिसतात, त्यातला अपलोडचा आकडा विचारा.

सरकारी व्याख्याही डाउनलोडचीच आहे. भारतात 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यासाठी किमान ५१२ केबीपीएस वेग पुरेसा होता, तो जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस करण्यात आला. या व्याख्येत अपलोडच्या वेगाची अट नाही.

घाटाखालच्या गावात अपलोड आधी का पडतं?

खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेली आहे. मुंबई-पुणे महामार्ग, रेल्वे, कारखाने सगळं आहे, त्यामुळे गावात नेटवर्क नाही असं नाही. पण डोंगराच्या आडोशाला, घराच्या आतल्या खोलीत किंवा खालापूर-कर्जतच्या आतल्या वाड्यांमध्ये गेलं की सिग्नलच्या दांड्या कमी होतात.

अशा वेळी डाउनलोडपेक्षा अपलोड आधी कोलमडतं. कारण सरळ आहे. टॉवर मोठ्या ताकदीने सिग्नल पाठवतो, तुमचा फोन मात्र ४जीवर जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो. टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतं, फोनचं बोलणं टॉवरपर्यंत नीट पोहोचत नाही. लांबून ओरडणाऱ्याचं आपल्याला ऐकू यावं आणि आपलं पुटपुटणं त्याला ऐकू जाऊ नये, तसंच हे.

त्यामुळे काम सुरू करण्याआधी मित्राला तीन गोष्टी करायला सांगा.

पहिली, हॉटस्पॉटचा फोन खिडकीत किंवा गॅलरीत ठेव आणि शक्य असेल तर यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोड. 'यूएसबी टेदरिंग'मुळे वायफायचा एक टप्पा कमी होतो आणि फोन चार्जही होत राहतो.

दुसरी, ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्याच फोनवर बोलू नकोस. ४जीवरच्या कॉलमध्ये नेट सुरू राहतं, पण सिग्नल कमी झाला आणि कॉल २जीवर गेला की नेट थांबतं. दोन सिमच्या अनेक फोनमध्ये एका सिमवर कॉल आला की दुसऱ्या सिमचं नेट बंद पडतं. 'तुझा फोन आला की नेट जातं' या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून बोला.

तिसरी, मागे चुपचाप डेटा खाणाऱ्या गोष्टी थांबव. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर त्या वायफायच्या नावावर क्लिक केलं की 'मीटर्ड कनेक्शन' असं बटण दिसतं. ते सुरू केलं की विंडोज बरेचसे मोठे अपडेट आपणहून डाउनलोड करत नाही. वनड्राइव्ह, फोनमधला फोटोंचा बॅकअप हेही तेवढ्यापुरतं थांबवा.

पहिलं हत्यार: साधा फोन कॉल

'चालत नाहीये' हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याचा अर्थ वीज नाही इथपासून पासवर्ड विसरलो इथपर्यंत काहीही असू शकतो. त्यामुळे पहिली पाच-दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारा:

१. बटण दाबल्यावर लाईट लागते का? पंख्याचा आवाज येतो का? स्क्रीनवर काय दिसतं?
२. शेवटचं नीट कधी चालत होतं? त्यानंतर काय बदललं? नवीन काही टाकलं, वीज गेली, कॉम्प्युटर हलवला, अपडेट आला?
३. हे दर वेळी होतं की कधीतरी?
४. बिघाड एकाच प्रोग्रॅममध्ये आहे की सगळीकडे? हीच वेबसाइट फोनवर उघडते का?
५. स्क्रीनवर काही संदेश आला का? आला असेल तर तो जसाच्या तसा वाचून दाखव.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'काहीच केलं नाही रे' असं उत्तर येईल, पण दोन मिनिटांनी 'हां, काल भावाने एक गेम टाकला होता' हे बाहेर येतं. आवाज चढवला की मित्र अशा गोष्टी लपवतो, हेही लक्षात ठेवा.

फोनवर इंग्रजी अक्षरं सांगताना बी, डी, पी, टी, ई सगळं सारखंच ऐकू येतं. म्हणून 'बी फॉर बॉल', 'डी फॉर डॉग' असं सांगा. जागा सोडायची असेल तिथे 'स्पेस' असं स्पष्ट म्हणा. उजवीकडे झुकलेली रेघ म्हणजे स्लॅश, डावीकडे झुकलेली म्हणजे बॅकस्लॅश, हे आधीच ठरवून घ्या. एका वेळी एकच पायरी सांगा आणि 'झालं, आता काय दिसतंय?' असं विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ही पद्धत किती लांबपर्यंत चालते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण 'नासा'चं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ या यानाकडून येणारा डेटा अचानक वाचता येईनासा झाला. यान पृथ्वीपासून सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर होतं. एक निरोप पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच. यानाचा नेहमीचा डेटा येतो तो वेगही सेकंदाला फक्त १६० बिट. इंजिनीअरांनी एक छोटी सूचना पाठवून यानाच्या एका कॉम्प्युटरच्या मेमरीची नक्कल मागवली, ती आधीच्या चांगल्या नकलेशी ताडून पाहिली आणि एक चिप बिघडल्याचं शोधलं. त्या चिपवरचा कोड तुकडे करून मेमरीत दुसरीकडे हलवायचा आदेश १८ एप्रिल २०२४ ला पाठवला आणि २० एप्रिलला यानाचं नीट उत्तर आलं.

तिथे जमलं ते कमी डेटात नेमका प्रश्न विचारल्यामुळे. खोपोलीच्या हॉटस्पॉटचा वेग त्यापेक्षा हजारो पट जास्त आहे.

मग फोटो, मग मजकूर

बोलून कळलं नाही तर फोटो मागवा. स्क्रीनचा फोटो मोबाईलने काढायचा, कारण बिघडलेल्या कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट काढणं आणि पाठवणं हेच मोठं काम होऊन बसतं. फोन स्क्रीनसमोर सरळ धरायचा, खोलीतला दिवा स्क्रीनवर चमकत नाही ना ते बघायचं आणि फक्त संदेशाची खिडकी न काढता पूर्ण स्क्रीन एकदा काढायची. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे तो बहुधा काही शे केबीत येतो. अक्षरं फुटत असतील तरच 'एचडी' करून पाठवायला सांगा.

एक फोटो एकदा येतो आणि तुमच्याकडे राहतो. नेट गेलं तरी तुम्ही तो बघत विचार करू शकता. स्क्रीन शेअरिंगमध्ये ही सोय नाही.

त्यापेक्षाही हलका असतो मजकूर. मित्राला विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबायला सांगा, येणाऱ्या चौकटीत 'सी एम डी' लिहून एंटर मारायला सांगा. काळी खिडकी उघडेल. तिथे 'सिस्टिमइन्फो' हा एक शब्द इंग्रजीत लिहिला की विंडोज कोणतं, रॅम किती, कॉम्प्युटर शेवटचा कधी सुरू झाला ही सगळी माहिती मिळते. त्याच ओळीत पुढे उभी रेघ आणि 'क्लिप' हा शब्द लिहिला तर ही माहिती कॉपी होते, मित्राने फक्त व्हॉट्सॲप वेबवर किंवा मेलमध्ये पेस्ट करायची. एवढ्या सगळ्याला लागतात काही केबी.

आजचे रिमोट ॲप्स येण्याच्या कितीतरी आधीपासून लांबचे कॉम्प्युटर असेच अक्षरांवर चालायचे. फिनलंडमध्ये १९९५ साली तयार झालेला 'एसएसएच' हा मार्ग आजही जगभरचे सर्व्हर सांभाळायला वापरतात. त्यात चित्र जात नाही, फक्त अक्षरं जातात, म्हणून रडतखडत चालणाऱ्या नेटवरही काम होतं.

नेहमीच्या पाच तक्रारी आणि त्यांचं औषध

'नेट जोडलेलं दिसतंय, पण काही उघडत नाही.' त्याच काळ्या खिडकीत 'पिंग', स्पेस आणि ८.८.८.८ असं लिहायला सांगा. हा गुगलच्या एका सर्व्हरचा पत्ता आहे. 'रिप्लाय फ्रॉम' अशा ओळी आल्या तर नेट येतंय, पण वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, म्हणजे डीएनएस, अडलेली असू शकते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत राहिलं तर बहुधा दोष राउटर, हॉटस्पॉट किंवा कंपनीच्या लाइनमध्ये आहे, कॉम्प्युटरमध्ये उगाच शोधू नका.

'प्रत्येक साइटवर कनेक्शन सुरक्षित नाही असं येतं.' आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख विचारा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटरला आज २०१५ साल वाटत असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो साइट अडवतो. तारीख नीट केली की काम होतं, बॅटरी नंतर बदला. तारीख बरोबर असूनही संदेश येत असेल तर मात्र 'तरीही पुढे जा' करायला सांगू नका.

'खूपच स्लो झालाय.' कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. सीपीयू, मेमरी, डिस्क या तीन रकान्यांचा फोटो मागवा. डिस्क सतत १०० टक्क्यांजवळ असेल आणि कॉम्प्युटर जुन्या हार्ड डिस्कवर चालत असेल, तर मागे चाललेला अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी संपू द्या. सी ड्राइव्ह लाल रंगात भरलेला दिसत असेल तर आधी रिसायकल बिन आणि डाउनलोड फोल्डर बघा. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणारे नको असलेले प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागातून बंद करता येतात. यातल्या एकाही गोष्टीला नेट लागत नाही.

'प्रिंटर प्रिंट काढत नाही.' केबल आणि कागद बघून झाल्यावर काळी खिडकी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडायला सांगा. तिथे 'नेट स्टॉप स्पूलर' आणि मग 'नेट स्टार्ट स्पूलर' असं लिहायचं. प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि अडकलेली प्रिंट अनेकदा सुटते.

'मराठी फाइल उघडली तर चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसतात, व्हायरस आला का?' नाही. ती फाइल बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नसेल तर आतली इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. फाइल पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवणं हा सर्वात सोपा उपाय. फाइलमध्ये बदल करायचे असतील तर तो फॉन्ट टाका किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

विंडोजच्याच फाइल्स खराब झाल्या आहेत असं वाटलं तर 'एस एफ सी', स्पेस, स्लॅश, 'स्कॅननाऊ' ही आज्ञा द्या. ती कॉम्प्युटरवरच्याच प्रतीतून दुरुस्ती करते, नेट घेत नाही. यूट्यूबवर तिच्यासोबत सांगितली जाणारी 'डिझम'ची दुरुस्ती मात्र चांगल्या फाइल्स नेटवरून आणते. स्लो नेटवर ती रात्री लावून झोपणं बरं.

स्क्रीन शेअर करावीच लागली तर?

कधी कधी पर्याय नसतो. सेटिंग कुठे आहे हे मित्राला सापडत नाही, किंवा तुम्हालाही बघितल्याशिवाय सुचत नाही. अशा वेळी नवं ॲप डाउनलोड करण्याआधी जे आहे ते वापरा.

विंडोज १० आणि ११ मध्ये 'क्विक असिस्ट' असतं. कंट्रोल, विंडोज आणि 'क्यू' एकत्र दाबलं की ते उघडतं. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, मदत घेणाऱ्याला लागत नाही. तुम्हाला सहा अक्षरी कोड मिळतो, तो मित्राला सांगायचा, मित्राने टाकायचा आणि परवानगी द्यायची. कोड १० मिनिटांत संपतो, म्हणून आधी मित्राकडे खिडकी उघडून तयार ठेवा, मग कोड काढा. मध्येच तुमची स्क्रीन काळी झाली तर घाबरू नका. बदलाला परवानगी मागणारी विंडोजची चौकट मित्राच्या स्क्रीनवर आलेली असते आणि सुरक्षेसाठी ती तुम्हाला दिसत नाही. ती वाचून 'येस' मित्रालाच दाबावं लागतं.

नेट कमी असताना पुढच्या गोष्टींनी फरक पडतो:

- मित्राचा वॉलपेपर काढून एकच काळा रंग ठेवा.
- स्क्रीनचं रिझोल्यूशन तात्पुरतं कमी करा.
- ॲपमध्ये 'क्वालिटी' आणि 'स्पीड' असा पर्याय असेल तर स्पीड निवडा.
- व्हिडिओ, कॅमेरा आणि ॲपमधला आवाज बंद ठेवा, बोलणं साध्या फोनवर करा.
- माऊसऐवजी कीबोर्ड वापरा आणि एक क्लिक केलं की स्क्रीन बदलेपर्यंत थांबा. उत्तर येत नाही म्हणून चार वेळा क्लिक केलं तर चारही क्लिक नंतर एकदम पडतात आणि भलतंच उघडतं.
- मोठी फाइल रिमोटच्या ॲपमधून पाठवू नका.

शक्य असेल तर फक्त बघण्याची परवानगी घ्या आणि माऊस मित्राच्याच हातात ठेवा. व्हॉट्सॲप किंवा गुगल मीटवरची स्क्रीन शेअरिंग अशीच असते, समोरच्याला स्क्रीन दिसते पण क्लिक करता येत नाही. 'वरच्या कोपऱ्यातलं तिसरं बटण दाब' असं तोंडाने सांगणं स्लो नेटवर माऊस ओढत बसण्यापेक्षा लवकर होतं, आणि पुढच्या वेळी मित्राला ते स्वतः जमतं.

लांबून कधी जमणारच नाही?

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर कोणतंही रिमोट ॲप उपयोगाचं नाही. १९ जुलै २०२४ ला हे सगळ्या जगाने बघितलं. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने सदोष अपडेट सव्वा तासात मागे घेतला होता, पण अडकलेले अनेक कॉम्प्युटर नेटपर्यंत पोहोचतच नव्हते. कोणीतरी प्रत्यक्ष त्या कॉम्प्युटरसमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची, हाच तिथे उपाय होता. जगातल्या मोठमोठ्या आयटी विभागांनीही त्या दिवशी फोनवरूनच पायऱ्या सांगितल्या.

त्यावेळी अनेक ठिकाणी 'बिटलॉकर'ची ४८ आकडी किल्ली मागितली गेली. नवीन लॅपटॉपवर मित्रालाही अशी निळी स्क्रीन दिसू शकते. किल्ली बहुतेक वेळा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, फोनवरून लॉगिन करून ती बघता येते. ती त्यानेच बघायची आणि त्यानेच टाकायची.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, जळका वास येत असेल, लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, तर कॉम्प्युटर बंद करून दुकानात न्यायला सांगा. आणि 'फॉरमॅट मार' हा सल्ला लांबून देऊ नका. समोरच्याच्या डी ड्राइव्हमध्ये काय आहे, हे तुम्हाला दिसत नसतं.

विंडोज नव्याने टाकायचंच ठरलं तर तिथेही गणित करा. ५ जीबीची फाइल २ एमबीपीएसवर उतरवायला साडेपाच तास लागतात, तेही नेट मध्ये न तुटता. ३२ जीबीचा पूर्ण भरलेला पेन ड्राइव्ह या वेगाने पाठवायचा म्हटलं तर ३५ तास. ठाण्याहून खोपोली लोकलने तोच पेन ड्राइव्ह दोन तासांच्या आत-बाहेर पोहोचतो. थेट लोकल चुकली आणि कर्जतला गाडी बदलावी लागली तरी लोकलच जिंकते. गावाकडे जाणाऱ्या कोणाकडे तरी पेन ड्राइव्ह देणं हा अगदी व्यवहारी उपाय आहे.

सर्वात महत्त्वाचं: हेच ॲप चोरही वापरतात

तुम्ही मित्राला जे सांगता, 'हे ॲप टाक, आकडे सांग, ॲलाऊ कर', नेमकं तेच वाक्य फसवणारा वापरतो. १४ फेब्रुवारी २०१९ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं. एनीडेस्क टाकायला लावायचं, फोनवर आलेला नऊ आकडी कोड विचारायचा आणि मग यूपीआयने खातं रिकामं करायचं, अशी ती पद्धत होती. मे २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितलं की, एक गुन्हेगारी टोळी आयटी सपोर्टवाले असल्याचं भासवून क्विक असिस्टमधून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरते आहे. ॲप वाईट नाही, पण कोड कोणाला दिला यावर सगळं ठरतं.

म्हणून मदत करताना मित्राला या सवयी लावा:

- फोन आपण ओळखीच्या नंबरवर केलेला असेल तरच कोड द्यायचा. नुसत्या मेसेजवर नाही, कारण व्हॉट्सॲप खातं हॅक होऊ शकतं.
- जोडणीआधी बँक, मेल आणि खासगी फोटोंच्या खिडक्या बंद करायच्या.
- रिमोट सुरू असताना यूपीआय, नेटबँकिंग उघडायचं नाही, ओटीपी वाचायचा नाही. मोबाईलवर रिमोट ॲप टाकायचंच नाही.
- पासवर्ड मित्राने टाइप करायचा. तुम्ही तो विचारायचा नाही आणि सांगितला तरी लिहून ठेवायचा नाही.
- गुगलवर शोधलेल्या 'कस्टमर केअर'च्या नंबरवर फोन करून कोणालाही स्क्रीन द्यायची नाही.

पैसे गेलेच तर आधी नेट बंद करायचं, मग लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि बँकेला फोन करायचा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. इथे वेळ महत्त्वाची, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीला जास्त असते.

काम झाल्यावर एवढं करा

रिमोट ॲप बंद करा. टाकलेलं ॲप पुन्हा लागणार नसेल तर काढून टाका आणि 'कधीही जोडता येईल' अशी कायमची परवानगी दिली असेल तर ती रद्द करा. वॉलपेपर, रिझोल्यूशन आणि मीटर्ड कनेक्शन होतं तसं करा. नाहीतर दोन महिन्यांनी 'अपडेटच येत नाहीत' असा फोन येईल.

मित्राचा कॉम्प्युटर विंडोज १० वर असेल तर त्यालाही सांगा की, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला आहे. कॉम्प्युटर चालत राहील, पण सुरक्षेच्या दृष्टीने पुढचा विचार करावा लागेल.

शेवटी व्हॉट्सॲपवर मित्राला चार ओळींचा मेसेज पाठवा: बिघाड काय होता, काय बदललं, कोणती आज्ञा दिली आणि पुन्हा झालं तर आधी काय बघायचं. महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवायची आठवणही त्यातच लिहा. पुढच्या वेळी शेवटच्या तारखेला कॉम्प्युटर रुसला आणि तुमचा फोन लागला नाही, तरी त्याच्याकडे सुरुवात कुठून करायची हे लिहिलेलं असेल.